न चढविलेलें तांबडें निशाण

एप्रिल महिन्याच्या मध्यास दोन दुःखद तारखा लागोपाठ येतात. पैकीं १३ एप्रिल हा जालियनवाला बागेचा दिवस. १९१९ सालीं अमृतसर येथें जनरल डायर याच्या हुकुमावरून निःशस्त्र जनसमुदायावर गोळीबार झाला आणि शेंकडों माणसें मृत्युमुखीं पडलीं. तो दिवस ध्यानांत ठेवण्यास राष्ट्राला कोणी शिकवावें लागलें नाहीं. तेथें अपराध उघड होता, अपराध्याचें नांव ठाऊक होतें, आणि संतापाला निश्चित दिशा होती. दुसऱ्या तारखेची गोष्ट निराळी आहे. १४ एप्रिल हा दिवस महाराष्ट्रांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीचा म्हणून घरोघर परिचित आहे. परंतु त्याच दिवशीं मुंबईंत भायखळा येथील अग्निशमन दलाच्या मुख्य ठाण्यांतील एका स्मारकापुढें मानवंदना दिली जाते, आणि देशांतील अग्निशमन दलें त्या दिवसापासून आठवडाभर अग्निसुरक्षेचा सप्ताह पाळतात, हें थोड्यांच्याच लक्षांत असतें. १९४४ सालच्या १४ एप्रिल रोजीं मुंबईच्या गोदींत जो भयंकर स्फोट झाला, त्याची ती पुण्यतिथि होय.

या स्फोटामागें शत्रु नव्हता. महायुद्ध चालू होतें हें खरें. पण बाँब टाकणारें विमान आलें नव्हतें, पाणबुडीनें हल्ला केला नव्हता, आणि चौकशीअंतीं घातपाताचाही निष्कर्ष निघाला नाहीं. कोणा एकाच्या दुष्ट बुद्धीकडे बोट दाखवावें असें तेथें कांहीं नव्हतें. पुष्कळांनीं केलेल्या लहान लहान चुका एकीवर एक रचल्या गेल्या, आणि एका दुपारीं ती रास पेटली. अशा दुर्घटनेचें स्मरण ठेवणें कठीण असतें, कारण रागाला धरून ठेवण्यास चेहरा सांपडत नाहीं. तथापि जी आपत्ति कोणाच्याही वैरावांचून घडली, ती वैरी नसतांना पुन्हा घडूं शकते. आणि म्हणून तिचें स्मरण अधिक अगत्याचें ठरतें.

'फोर्ट स्टिकीन' हें ७,१४२ टनांचें मालवाहू जहाज १९४२ सालीं कॅनडांत बांधलें गेलें. २४ फेब्रुवारी १९४४ रोजीं तें इंग्लंडांतील बर्कनहेड बंदराहून हिंदुस्थानाकडे निघालें. त्याच्या पोटांत सुमारें १,३९५ टन दारूगोळा होता. टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे असे त्यांत नाना प्रकार असून सुमारें २३८ टन माल तर अत्यंत नाजूक, धक्का किंवा उष्णता लागतांच उडण्याजोग्या वर्गांतला होता. शिवाय खोक्यांत बंद केलेलीं लढाऊ विमानें होतीं, आणि जवळजवळ नऊ लाख पौंड किंमतीच्या सोन्याच्या विटा होत्या. जहाज प्रथम कराचीस लागलें. तेथें कांहीं माल उतरला, आणि मोकळ्या झालेल्या जागेंत कापसाच्या हजारों गांठी, वंगणाच्या तेलाचीं पिंपें, इमारती लांकूड व मोडीचें लोखंड भरण्यांत आलें. दारूगोळ्याच्या शेजारीं कापूस आणि तेल! जहाजाचे कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यांनीं या मिश्रणाबद्दल आपली नापसंति नोंदविली होती. परंतु युद्धाच्या धामधुमींत रिकामी जागा वायां दवडणें परवडणारें नव्हतें. नापसंति नोंदली गेली, आणि माल भरला गेला.

येथें कापसाचा गुणधर्म थोडा समजून घेतला पाहिजे. गांठ कितीही दाबून बांधली, तरी तंतूंच्या मधें हवा उरतेच. एखादी ठिणगी गांठींत शिरली तर ज्वाळा न दिसतां ती आंतल्या आंत धुमसत राहते. वरून पाणी ओतलें तरी तें गाभ्यापर्यंत लौकर पोहोंचत नाहीं. तेल शिंपडलेला कापूस तर बाहेरची ठिणगी नसतांही तापत जाऊन पेटूं शकतो. उलट बऱ्याच स्फोटक द्रव्यांचा स्वभाव असा, कीं थोडी उघड्यावर जळली तर तीं नुसतीं भडकतील. पण बंदिस्त जागेंत तापलीं तर एका क्षणांत सर्व द्रव्याचा वायु होऊन भोंवतालचें लोखंड फोडून बाहेर पडेल. जहाजाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या खणांत कापूस खालीं आणि दारूगोळा त्याच्या वरच्या मजल्यावर, अशी मांडणी झाली होती. म्हणजे चूल खालीं आणि कोठार वर.

१२ एप्रिल रोजीं जहाज मुंबईस आलें आणि व्हिक्टोरिया गोदींत पहिल्या क्रमांकाच्या धक्क्यास लागलें. धोक्याचा माल असलेल्या जहाजानें तांबडें निशाण चढवावें असा नियम होता. म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यास, शेजारच्या जहाजांस आणि मदतीस धांवून येणाऱ्यांस समोर काय आहे तें एका दृष्टिक्षेपांत कळावें. तें निशाण चढविलें गेलें नाहीं. दारूगोळा सर्वांत आधीं उतरवून घ्यावयाचा, तोही लांबला. गोदींत इतर जहाजें दाटीनें उभीं होतीं, धक्क्यावर मालाचे ढीग होते, पलीकडे गुदामें होतीं, आणि गुदामांच्या पलीकडे माणसांनीं गजबजलेली मांडवी व मस्जिद बंदराची वस्ती होती.

१४ एप्रिल हा शुक्रवार होता. दुपारच्या जेवणाच्या सुटीच्या सुमारास शेजारच्या एका जहाजावरील कांहीं माणसांना 'फोर्ट स्टिकीन'च्या हवा घेण्याच्या नळांतून धूर येतांना दिसला होता. त्यांनीं तो पाहिला, आणि तो पाहण्यापुरताच राहिला. जहाजावर कोणीतरी पाहतच असेल, अशी सोयीस्कर समजूत माणसाची अशा वेळीं होत असते. दोन वाजण्याच्या सुमारास खणांतील आग जहाजावरील लोकांच्या ध्यानांत आली. खलाशी, गोदींतील बंबवाले व पाण्यांतील आगबोटींवरचे बंब कामास लागले. शहराच्या अग्निशमन दलास वर्दी पोहोंचण्यास विलंब झाला. दल आलें तेव्हां धुरानें खण इतका भरून गेला होता, कीं आगीचें मूळ कोठें आहे तें सांपडेना.

त्या पुढच्या दोन तासांत नऊशें टनांहून अधिक पाणी जहाजांत ओतण्यांत आलें. पाणी उकळूं लागलें, पण आग विझेना. दैवाचा फेरा असा, कीं खणांत पाणी जसजसें चढलें, तसतसा जळता कापूस पाण्याबरोबर वर उचलला गेला आणि वरच्या मजल्यावरच्या दारूगोळ्याच्या अधिकच जवळ गेला. खण बंद करून वाफ सोडावी, म्हणजे हवा कोंडून आग गुदमरेल, हा उपाय जहाजांवर ठाऊक असलेला होता. तो योजिला गेला नाहीं. जहाज जागच्या जागीं बुडवावें काय, तें ओढून समुद्रांत न्यावें काय, असे प्रश्न निघाले. कप्तान होते, गोदीचे अधिकारी होते, लष्करी दारूगोळ्याचे जाणकार होते, अग्निशमन दलाचे प्रमुख होते. प्रत्येकाला आपापल्या शाखेंत अधिकार होता. परंतु सर्वांवर चालेल असा एक शब्द कोणाच्याच मुखांत नव्हता. विचार चालू राहिला, आणि पाणीही चालू राहिलें.

३ वाजून ५० मिनिटांनीं जहाज सोडण्याचा हुकूम झाला. त्यानंतर १६ मिनिटांनीं, म्हणजे ४ वाजून ६ मिनिटांनीं, पहिला स्फोट झाला. जहाज मधोमध तुटलें. कित्येक मैलांवरच्या घरांच्या कांचा फुटल्या. गोदींतील पाण्याची लाट अशी उसळली, कीं 'जलपद्म' नांवाच्या जहाजाचा मागचा भाग उचलला जाऊन धक्क्यावरच्या गुदामाच्या छपरावर टेकला. लोक जखमींना बाहेर काढूं लागले होते, तोंच ४ वाजून ३४ मिनिटांनीं जहाजाच्या मागल्या भागांतील दारूगोळ्यानें दुसरा, पहिल्याहून मोठा धडाका दिला. कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकावर दोन्ही हादरे उमटले, आणि सतराशें किलोमीटरांवरच्या सिमल्यासही धरणीचा कंप नोंदला गेला.

यानंतर आकाशांतून आगीची वृष्टि झाली. पेटलेल्या कापसाच्या गांठी, तापून लाल झालेले लोखंडाचे तुकडे आणि जळतें तेल गुदामांवर, चाळींवर व झोंपड्यांवर पडलें. डॉकपासून मैलभर लांब असलेल्या एका पारशी गृहस्थांच्या घरांत छप्पर फोडून सोन्याची एक वीट येऊन पडली. त्यांनीं ती सरकारजमा केली आणि मिळालेलें बक्षीसही आपद्ग्रस्तांच्या फंडास दिलें. सोन्याची गोष्ट लोकांना आजही आवडते, आणि १९७० नंतरच्या दशकांतही गाळ उपसतांना विटा सांपडल्याची हकीकत चवीनें सांगितली जाते. पण त्या दिवशीं आकाशांतून जें पडलें, त्यांत सोनें थोडें आणि विस्तवच फार होता.

आग आटोक्यांत आणण्यास तीन दिवस लागले. तेरा जहाजें नष्ट झालीं. सुमारें ८०,००० माणसें बेघर झालीं, आणि ५०,००० लोकांचा रोजगार गेला. धान्याचीं कोठारें जळून ५०,००० टनांहून अधिक धान्याची राख झाली. बंगालच्या दुष्काळाला वर्षही पुरें लोटलें नव्हतें, अशा काळीं ही हानि झाली हें विसरतां येत नाहीं. पुढें ८,००० माणसांनीं सात महिने खपून जवळजवळ पांच लाख टन ढिगारा उपसला, तेव्हां कोठें गोदी पुन्हा वापरांत आली.

मृतांची संख्या मात्र आजही एक नाहीं. गोदींतील निरनिराळ्या खात्यांतील व अग्निशमन दलांतील मिळून २३१ माणसें गेलीं, आणि नागरिकांपैकीं पांचशेंहून अधिक. असा एक हिशेब आहे. दुसऱ्या अंदाजांप्रमाणें एकूण आंकडा तेराशेंपर्यंत जातो. या दोन आंकड्यांमधील अंतर केवळ गणिताचें नाहीं. मुंबईच्या गोदीवर पाठीवरून ओझीं वाहणारी माणसें कोंकणांतून आणि देशावरून आलेलीं, पुष्कळदां एकटीं, भाड्याच्या खोलींत दहावीस जणांबरोबर राहणारीं. अशा माणसाचा मृत्यु मुंबईस मोजला गेला नाहीं, तरी गांवाकडे पत्राची वाट पाहणाऱ्या घराला तो वर्षानुवर्षे मोजावा लागतो.

मोजल्या गेलेल्यांत ६६ जण अग्निशमन दलाचे होते. जहाजांत काय भरलें आहे हें कळल्यावरही हीं माणसें नळ्या सोडून गेलीं नाहींत. त्यांच्याच स्मरणार्थ १४ एप्रिल हा राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्या धैर्याबद्दल कितीही बोललें तरी थोडेंच; परंतु त्यांचा गौरव करतांना एक गोष्ट नजरेआड होऊं नये. त्यांना जें धैर्य दाखवावें लागलें, तें इतरांनीं केलेल्या हयगयीची किंमत होती. निशाण चढलें असतें, वर्दी वेळेवर गेली असती, कापूस निराळ्या खणांत असता, तर या ६६ माणसांना वीर होण्याचें कारणच पडलें नसतें; त्या रात्रीं तीं घरीं जेवलीं असतीं.

स्फोटाची वार्ता लोकांपर्यंत कशी पोहोंचली, तोही या प्रकरणांतील एक बोधप्रद भाग आहे. युद्धकाळांतील सेन्सॉरशिपमुळें ज्या शहराच्या खिडक्या फुटल्या, त्या शहरालाच काय झालें तें नीट सांगितलें गेलें नाहीं. दुसऱ्याच दिवशीं, १५ एप्रिलला, जपानच्या ताब्यांतील सायगांव रेडिओनें सविस्तर बातमी दिली. आणि मुंबईच्या वार्ताहरांना आपल्या बातम्या बाहेर धाडण्याची परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत. चित्रपटछायाकार सुधीश घटक यांनीं त्या प्रसंगाचें केलेलें चित्रणही लष्करी अधिकाऱ्यांनीं ताब्यांत घेतलें. शत्रूला जें ठाऊक, तें नागरिकांपासून लपविण्यांत आलें. मौनाची किंमत अशी, कीं अफवा वाढतात आणि धडा मागें राहतो. पुष्कळ वर्षे मुंबईकर या प्रसंगाची आठवण 'त्या दिवशीं मी कोठें होतो' अशा स्वरूपांतच सांगत आले. 'तें कशामुळें झालें' हें सांगणारे थोडे होते.

कशामुळें झालें, तें मात्र चौकशी समितीनें स्पष्ट केलें. आग अपघातानें, बहुधा कापसांत, लागली असा तिचा निर्णय. जळती विडी किंवा सिगारेट हें त्याचें संभाव्य कारण मानलें गेलें. समितीनें दाखविलेले दोष क्रमानें पाहण्याजोगे आहेत. दारूगोळ्याखालीं कापूस भरला. तांबडें निशाण चढविलें नाहीं. स्फोटकें उतरविण्यास उशीर केला. वाफेचा उपयोग केला नाहीं. अग्निशमन दलास वेळेवर वर्दी दिली नाहीं. यांतला एकही दोष असा नाहीं, कीं जो समजण्यास मोठें शास्त्र लागावें. एकही दोष असा नाहीं, कीं तो करणाऱ्याला आपण कोणाचा जीव घेत आहों असें वाटलें असेल. प्रत्येकानें आपल्यापुरती थोडीशी सवलत घेतली होती.

याहून खेदाची गोष्ट अशी, कीं हा धडा जगाला नवा नव्हता. ६ डिसेंबर १९१७ रोजीं कॅनडांतील हॅलिफॅक्स बंदरांत 'माँ ब्लां' हें स्फोटकांनीं भरलेलें फ्रेंच जहाज दुसऱ्या जहाजावर आदळून पेटलें आणि उडालें; सुमारें दोन हजार माणसें गेलीं. त्या जहाजावरही तांबडें निशाण नव्हतें. आग पाहण्यास लोक खिडक्यांशीं आणि धक्क्यावर जमले होते, आणि विझविण्यास धांवलेल्यांपैकीं अग्निशमन दलाचे नऊजण मेले. हॅलिफॅक्सनंतर सुमारें २६ वर्षांनीं मुंबई झाली. मुंबईनंतर तीनच वर्षांनीं, १६ एप्रिल १९४७ रोजीं, अमेरिकेंत टेक्सस सिटी येथें खताचें अमोनियम नायट्रेट भरलेलें जहाज पेटलें. तेथें वाफ सोडली गेली. पण या द्रव्यांतच प्राणवायु असल्यामुळें हवा कोंडून त्याची आग विझत नाहीं, उलट वाफेनें तें अधिक तापतें. जवळजवळ सहाशें माणसें मेलीं, आणि गांवाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलांतील २८ पैकीं २७ जण त्यांत होते. एका आगीचा उपाय दुसऱ्या आगीला घातक ठरूं शकतो, म्हणूनच निशाण हवें, म्हणूनच माल कोणता आहे हें विझविणाऱ्याला आधीं कळावयास हवें. आणि ४ ऑगस्ट २०२० रोजीं बैरूटच्या बंदरांत तेंच द्रव्य, २,७५० टन, वर्षानुवर्षे गुदामांत पडून राहिलेलें, उडालें. त्याच्या धोक्याविषयीं पत्रें लिहिलीं गेलीं होतीं. दोनशेंहून अधिक माणसें गेलीं, त्यांत आगीच्या वर्दीवर आलेले अग्निशमन दलाचे दहाजण होते. गुदामांत काय आहे तें त्यांना कोणी सांगितलें नव्हतें.

चार बंदरें, चार पिढ्या, आणि प्रत्येक ठिकाणीं सर्वांत पुढें उभा राहून मेला तो आग विझविण्यास आलेला माणूस. वर्षश्राद्ध करण्याची रूढि या देशांत फार जुनी आहे. त्या दिवशीं गेलेल्या माणसाचें नांव घेतलें जातें, तसेंच त्याचें राहिलेलें काम कोणी पुरें करावयाचें याचीही आठवण घरांत निघते. राष्ट्राच्या वर्षश्राद्धाचा अर्थ याहून निराळा नसावा. पुष्पचक्र वाहिलें, बिगुल वाजला, भाषण झालें. पण कारखान्याच्या गुदामांत, बाजाराच्या गल्लींत, राहत्या इमारतीच्या जिन्यांत तांबडें निशाण चढलें कीं नाहीं हें कोणी पाहिलें नाहीं, तर ती मानवंदना अपुरी राहते.

ही गोष्ट केवळ बंदरापुरती नाहीं. शहरांतील शिकलेल्या, नेटक्या घरांच्या जिन्यांतही जुनें सामान, सायकली आणि जोड्यांचीं कपाटें रचलेलीं असतात. भिंतीवरच्या आग विझविण्याच्या नळकांड्याची मुदत संपलेली असते. एका तारेवर तीन यंत्रें चाललेलीं असतात. आणि तळमजल्यावरच्या दुकानांत काय सांठविलें आहे तें वरच्या मजल्यावरच्या कोणालाच ठाऊक नसतें. मे २०१५ मध्यें मुंबईच्या काळबादेवी भागांत एका जुन्या इमारतीस लागलेली आग विझवितांना अग्निशमन दलाचे चार अधिकारी प्राणांस मुकले. गोदी राहिली दूर. ती तर शहराच्या मध्यावरची वस्ती होती.

व्हिक्टोरिया गोदी पुढें भराव घालून बुजविण्यांत आली. जेथें 'फोर्ट स्टिकीन' उभें होतें, तेथें आज पाणीही नाहीं. जागा बुजते, साक्षीदार जातात, आंकडे वादांत पडतात. उरते ती एक तारीख. त्या तारखेला ज्या घरांत जिना मोकळा केला जाईल, ज्या कार्यालयांत बाहेर पडण्याचें दार उघडून पाहिलें जाईल, आणि पहिला धूर पाहणारा माणूस दुसऱ्या कोणाची वाट न पाहतां वर्दी देईल, तेथें त्या ६६ जणांचें आणि ज्यांचीं नांवें कोणीं मोजलीं नाहींत त्या सर्वांचें स्मरण खऱ्या अर्थानें झालें असें म्हणतां येईल.